अकरावीत सुटलेले गणित

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे रेल्वेगाडी सुटली. या गाडीची वाट पाहण्यात जिल्ह्याच्या पिढ्या गेल्या. निवेदने झाली, मोर्चे झाले, निवडणुकांचे जाहीरनामे झाले. रूळ नाहीत म्हणून जिल्हा मागे, हे इतक्या वेळा बोलले गेले की मागासलेपणाची दुसरी कारणे शोधण्याची सवयच सुटली. वास्तविक काही वाटांना रूळ लागत नाहीत, भूसंपादनही लागत नाही; आणि तरीही त्या बीडच्या मुलाला बंद असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाट ही त्यांपैकी एक होय. ती मुंबईत किंवा चेन्नईत बंद होत नाही. ती बंद होते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, विषयांच्या रकान्यात खूण करताना. आणि बंद झाल्याचे कळते ते पाच-सहा वर्षांनी.

या उशिरा कळण्यातच खरा अन्याय आहे. बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावच्या महाविद्यालयांतून दरवर्षी संगणकाशी संबंधित पदवी घेऊन मुले-मुली बाहेर पडतात. वृत्तपत्रांत रोज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जयघोष चाललेला असतो. त्या विषयात पुढे शिकावे असे एखाद्या मुलीला वाटते, ती प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडते आणि पहिल्याच पानावर थबकते. तिथे संगणकाविषयी फारसे काही नसते. तिथे सदिश अवकाश असतो, आव्यूह असतात, संभाव्यतेची वितरणे असतात. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या त्या मुलीला ही भाषा कोणी शिकविलेली नसते, आणि ती पुढे लागेल हे कोणी सांगितलेलेही नसते.

नियम काय म्हणतात ते नीट पाहिले पाहिजे, कारण या बाबतीत ऐकीव माहितीच फार. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून विदाशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता हा स्वतंत्र पेपर सुरू झाला. त्याच्या अभ्यासक्रमाचे सात विभाग आहेत. त्यांतले पहिले तीन गणिताचे: संभाव्यता व सांख्यिकी, रैखिक बीजगणित, आणि कलनशास्त्र व त्यातील महत्तम-लघुतम मूल्यांचा विचार. संगणकाचे विभाग त्यानंतर येतात. परीक्षेचा अर्ज कलाशाखेच्या पदवीधरालाही भरता येतो. त्या बाबतीत दार अगदी सताड उघडे आहे. मात्र आत गेल्यावर प्रश्नपत्रिका कोणाची शाखा विचारीत नाही. राज्यातील एम.सी.ए.च्या प्रवेशाचा नियम निराळा आहे. संगणकाची पदवी असेल तर ठीक. अन्य पदवीधराने बारावीला अथवा पदवीला गणित घेतलेले असले पाहिजे, आणि त्यानंतरही विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे पूरक अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे. कागदावर हा उंबरठा बराच खाली आहे. पण कागदावरचा उंबरठा ओलांडला म्हणून वर्गातले समजते असे नव्हे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की ही अट न्याय्य आहे काय? ग्रामीण मुलांना बाहेर ठेवण्यासाठी शहरी मंडळींनी रचलेली ही आणखी एक भिंत आहे, असे म्हणणारे अनेक आहेत, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. तथापि या अटीच्या बाबतीत तो चुकीच्या जागी आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जे यंत्र आज बोलते, चित्र ओळखते, भाषांतर करते, ते आतून पाहिले तर आकड्यांचा प्रचंड मांड आहे. लाखो, कोट्यवधी आकडे. त्यांची आडव्या-उभ्या रांगांत केलेली मांडणी, म्हणजेच आव्यूह. आणि त्यांचे गुणाकार. यंत्र ‘शिकते’ म्हणजे काय, तर हे आकडे थोडे थोडे बदलत जाते. बालाघाटच्या डोंगरात दाट धुके पडले आहे आणि वाटसरूला खाली गावात उतरायचे आहे, अशी कल्पना करावी. गाव दिसत नाही, वाट दिसत नाही. मग तो पायाखालची जमीन चाचपतो, जिकडे उतार अधिक तिकडे एक पाऊल टाकतो, पुन्हा चाचपतो. यंत्राची चूक हा तो डोंगर. ती जिथे कमीत कमी आहे ते खालचे गाव. आणि पायाखालचा उतार मोजण्याची रीत म्हणजेच बारावीच्या पुस्तकातले अवकलन. ज्याला उतार मोजता येत नाही त्याला यंत्र का अडले, पाऊल फार मोठे पडले की फार लहान, हे कधी कळणार नाही. तो यंत्र वापरील, दुरुस्त करणार नाही.

संभाव्यतेचे तर याहून बिकट आहे, कारण तिथे चूक झाल्याचे कळतसुद्धा नाही. उसाच्या फडाची छायाचित्रे पाहून रोगट बेटे ओळखणारे एक यंत्र आहे असे समजू. त्याचा निर्वाळा शंभरात ९९ वेळा बरोबर ठरतो. फडात १,००,००० बेटे आहेत आणि त्यांतली खरोखर रोगट १०० आहेत. यंत्र त्या १०० पैकी ९९ पकडील, हे उत्तमच. पण उरलेल्या ९९,९०० निरोगी बेटांपैकीही शंभरात एक या हिशेबाने ९९९ बेटे ते रोगट ठरवील. म्हणजे यंत्राने खूण केलेली एकूण बेटे १,०९८, आणि त्यांत खरी रोगट अवघी ९९. शेतकऱ्याने यंत्राच्या शब्दावर अकरा बेटे उपटली तर दहा विनाकारण गेली. ९९ टक्के अचूकतेची जाहिरात खोटी नव्हती. ती वाचणाऱ्याला गणित येत नव्हते. उसाच्या ठिकाणी रुग्ण घातला, कर्ज मागणारा माणूस घातला, शिष्यवृत्तीचा अर्ज घातला, की या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. अशा यंत्राचा निर्वाळा उद्या तहसील कार्यालयातल्या कारकुनाच्या टेबलावरही येणार आहे, आणि त्याखाली सही त्याचीच असणार आहे.

तेव्हा अट सैल करा, ही मागणी बीडच्या मुलांच्या हिताची नाही. कोसंबींचे उदाहरण या संदर्भात आठवावे. दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून माहीत आहेत. ते मूळचे गोव्याचे, आणि पेशाने गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना, १९४३ साली, त्यांनी फलनांच्या सांख्यिकीवर एक शोधनिबंध लिहिला. विस्कळीत माहितीच्या ढिगातून मोजक्या महत्त्वाच्या दिशा निवडून तिचे सार काढण्याची जी रीत आज यंत्रशिक्षणात नित्याची झाली आहे, तिचे एक बीज त्या निबंधात होते. पुढे ती रीत करुनेन आणि लोएव्ह या दोघा युरोपीय गणितज्ञांच्या नावाने रूढ झाली, ही गोष्ट वेगळी. त्या काळी पुण्यात असे कोणते यंत्र नव्हते. कागद, पेन्सिल आणि गणित एवढेच होते, आणि तेवढे पुरले.

मग अडते कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बालभारतीची बारावी विज्ञानशाखेची गणिताची दोन पुस्तके हाती घ्यावीत. पहिल्या भागात तर्कशास्त्र, आव्यूह, सदिश, प्रतल व रेषा, रैखिक नियोजन. दुसऱ्यात अवकलन, समाकलन, अवकल समीकरणे, संभाव्यता वितरणे. पदव्युत्तर परीक्षेच्या त्या पहिल्या तीन विभागांचा पाया या दोन पुस्तकांत आहे. चेन्नईला जावे लागत नाही. ही पुस्तके अंबाजोगाईच्या आणि गेवराईच्या दुकानांत मिळतात. म्हणजे जी अट बावीसाव्या वर्षी डोंगराएवढी वाटते तिचा निम्मा भाग सतराव्या वर्षी दप्तरात असू शकला असता.

तो नसतो याचे पहिले कारण म्हणजे शेजारच्या लातूरने घालून दिलेला आदर्श. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत लातूरने मिळविलेले यश खरे आहे आणि त्यामागे शिक्षकांची मेहनत आहे. परंतु त्या यशाने सबंध मराठवाड्यातल्या हुशार मुलांची एकच रांग लावली. विज्ञानशाखा म्हणजे जीवशास्त्र, जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर, आणि गणित म्हणजे डॉक्टरकीच्या वाटेत वेळ खाणारा विषय, असे समीकरण घराघरांत बसले. ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळतो त्यांचे भले होते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाने ग्रामीण भागाला दिलेले डॉक्टर हे त्याचे चांगले उदाहरण. ज्यांना मिळत नाही, आणि बहुसंख्यांना तो मिळत नाही, त्यांच्या हाती जीवशास्त्र उरते आणि गणित गेलेले असते. मग ‘संगणकाला वाव आहे’ म्हणून ते संगणकाच्या पदवीला येतात. वाव असतोच, फक्त तो कुठपर्यंत आहे हे सांगणारा कोणी नसतो.

दुसरे कारण भाषेचे. दहावीपर्यंत मराठीतून ‘समीकरण सोडवा’ म्हणून शिकलेल्या मुलासमोर अकरावीला तोच विषय इंग्रजीतून येतो. जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च गणितसुद्धा उर्दूतून शिकविले जाई. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी तेव्हा बीजगणित उर्दूतून आत्मसात केले, त्यांच्या मुलांनी मराठीतून, आणि नातवंडांवर आता इंग्रजीची पाळी आहे. गणित तिन्ही भाषांत तेच राहिले. पण उर्दूचा आग्रह धरणाऱ्या राजवटीने निदान परिभाषा घडवून पुस्तके छापून दिली होती. मराठीतून सदिश म्हणजे काय हे समजावून मग इंग्रजी शब्द देणारे अकरावीचे शिक्षक आजही आहेत, आणि त्यांच्या वर्गातली मुले टिकतात. हे मात्र त्या शिक्षकांच्या खासगी सद्भावनेवर चालले आहे, धोरणाने नव्हे. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे पोहोचण्याआधीची दोन वर्षे मात्र तशीच राहिली.

तिसरे कारण या जिल्ह्याचे खास आहे आणि ते अकरावीच्या बरेच आधीचे आहे. दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतली गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. ज्यांना घरी ठेवायला कोणी नसते त्यांची मुले त्यांच्याबरोबर जातात. परततात ती पाडव्याच्या सुमारास. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. या सर्वांचा उपयोग झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गणित हा विषय गैरहजेरीला क्षमा करीत नाही. इतिहासातला एक धडा बुडाला तर पुढचा वाचता येतो. अपूर्णांकांचा भागाकार ज्या महिन्यात वर्गात झाला त्या महिन्यात मूल फडावर वाढे बांधीत असेल, तर पुढच्या वर्षीचे गुणोत्तर त्याला कळत नाही. गुणोत्तर न कळल्याने बीजगणित कळत नाही. आणि मग दहावीला शिक्षक सांगतात की या मुलाला गणिताची बुद्धीच नाही. बुद्धी होती. सलग वर्ष नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदव्युत्तर प्रवेशाची चर्चा करताना पाचवीतल्या हजेरीपटाचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. परंतु बीड जिल्ह्यात त्या चर्चेची सुरुवात तिथूनच होते.

यात एक विसंगतीही आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. २०२४ पासून त्याची मोठी चर्चा आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. त्याच उसाच्या पट्ट्यात बीडचा कोयता तोडणीला जातो. ऊस किती लागेल, कधी पक्व होईल हे यंत्र सांगणार. तोडायला माणूस बीडचा. ते यंत्र घडविणाऱ्यांत बीडचा माणूस असेल की नाही, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

राज्यकर्त्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे सोपी आहेत. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित नसलेल्यांनाही अभियांत्रिकीचे दार उघडण्याची भाषा केली आणि गणिताची उणीव पूरक वर्गांनी भरून काढू, असे सांगितले. देशभर ओरड झाली. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचविण्यात आली की दहावीला गणित वा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीला जाता यावे. मात्र या विषयांवर आधारलेले पुढचे शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापास झाल्याने शाळा सुटते, मुलीचे लग्न उरकले जाते, हे वास्तव डोळ्यांसमोर ठेवून ही सूचना झाली असेल तर तिच्यामागची करुणा मान्य केली पाहिजे. परंतु तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर अधिक दिसणार? पुण्याच्या मुलाला खासगी शिकवणी असते. हजेरीपटावर पाच महिने कोरे असलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी असा शेरा देणे म्हणजे शासनाने स्वतःच्या उणिवेवर मुलाची सही घेण्यासारखे आहे.

पूरक वर्गांचेही तसेच. कल्पना योग्य आहे. व्यवहारात दोन-तीन आठवड्यांत सूत्रे फळ्यावर लिहिली जातात, हजेरी घेतली जाते आणि प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांचे गणित तीन आठवड्यांत शिकवता येते असे मानणाऱ्याने एकदा ते शिकवून पाहावे.

खरी गरज आहे ती सबंध एका वर्षाची. ज्यांचे गणित सुटले आहे अशा पदवीच्या विद्यार्थ्यांना, आणि नोकरी करून शिकू इच्छिणाऱ्या शिक्षक-कारकुनांनाही, जिल्ह्यातच संध्याकाळी बारावीची ती दोन पुस्तके, आणि त्यांच्यापुढे रैखिक बीजगणित व सांख्यिकी, असे सावकाश शिकवणारे वर्ग हवेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. बीडचे बलभीम महाविद्यालय, अंबाजोगाईचे योगेश्वरी, परळीचे वैद्यनाथ ही जुनी महाविद्यालये आहेत. त्यांच्या खोल्या संध्याकाळी मोकळ्या असतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झालेल्या नव्या पदवीरचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची सोय आहे. गणित वा सांख्यिकी हा गौण विषय म्हणून संगणकाच्या विद्यार्थ्याला देता येईल. अडचण येते ती माणसांची. तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी नेमणूक राहील की नाही या धास्तीत शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडून असा सलग उपक्रम उभा राहण्याची अपेक्षा करणे कठीण आहे. गणिताची पदे पूर्णवेळ भरणे हीच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणाची जिल्ह्यातली पहिली गुंतवणूक होय. संगणकांची खरेदी ही दुसरी. शासनाच्या खरेदीचा क्रम सहसा उलटा असतो, कारण संगणकाचे उद्घाटन करता येते.

ज्यांना थांबवत नाही त्यांच्यासाठी एक वाट मोकळी आहे, आणि तिची माहिती जिल्ह्यात फार कमी आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली विदाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीला गणित व इंग्रजी असले म्हणजे झाले. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो. त्यात गणित, सांख्यिकी, इंग्रजी आणि संगणकीय विचार हे चार विषय शिकवून परीक्षा घेतली जाते. बारावीला काय घेतले होते असे न विचारता ‘आता शिकून दाखव’ म्हणणारी ही पद्धत अधिक न्यायाची आहे. अट कायम, पण ती पुरी करण्याची संधी अटीच्या दारातच. मात्र हा अभ्यास इंग्रजीतून आहे, आणि तिथेही धडे एकट्याने ऐकून गणित येत नाही. शेजारी बसून चूक दाखवणारे कोणी लागते. जिल्ह्यात गणिताचे सेवानिवृत्त शिक्षक आहेत; त्यांच्या सत्कारात जेवढी शाल-श्रीफळे खर्ची पडतात तेवढ्यात वर्षभराचा खडू आणि फळा येईल.

भास्कराचार्यांचे जन्मगाव विज्जलवीड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक मानतात. इतर काही ते चाळीसगावजवळच्या पाटणकडे नेतात. हा वाद संशोधकांनी मिटवावा. जिल्ह्यातल्या सभा-समारंभांत भास्कराचार्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, ते घेण्याला हरकत नाही. ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढण्याचा विचार त्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत केला, आणि धुक्यातला तो उतार मोजण्याचे गणित याच जातीचे आहे. सभेतल्या वक्त्याने हे एवढे जरी समजावून सांगितले तरी अभिमानाला काही अर्थ येईल.

तोवर एक काम मात्र फुकट होण्यासारखे आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. म्हणजे प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोरून एकच अर्ज जातो. त्या अर्जात विषयांच्या रकान्याशेजारी, गणित न घेतल्यास पुढे कोणते अभ्यासक्रम बंद होतात त्यांची यादी सोप्या मराठीत छापता येईल. शासनाला ते सुचेपर्यंत माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी ती यादी दहावीच्या निकालाच्या दिवशी सूचना फलकावर लावावी आणि पालकांना बोलावून वाचून दाखवावी. बालाघाटावरच्या गावांत त्या सुमारास पालक घरी असतात. ते फडावरून परतलेले असतात, आणि पुढची उचल अजून घेतलेली नसते.